शेततळं नकाशातून गायब झालं तेव्हा: क्यूजीआयएस शिकणाऱ्यांसाठी एक अनुभव

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर (नकाशातल्या माहितीचा एक थर) कसा आणायचा, रंग कसे द्यायचे, प्रिंट लेआउट कसा काढायचा हे तुम्हाला येतंच असं धरून चालतो. मी लिहितोय ते एकाच चुकीबद्दल. तिनं मला भर ग्रामसभेत गप्प केलं होतं.

भूगोलात एमए करून मी बीड जिल्ह्यात पाणलोटाच्या एका कामावर लागलो. गावाचा नकाशा करायचा होता. पाणलोटाच्या हद्दी, पाझर तलाव, शेततळी हे सगळं मी एकाच पॉलिगॉन (बंद आकारांच्या) लेयरमध्ये काढलं आणि प्रकारानुसार रंग दिले. हिरव्या पाणलोटावर निळी शेततळी छान उठून दिसत होती. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सहकाऱ्यानं एका पाणलोटाची हद्द चुकली म्हणून ती खोडून नव्यानं काढली. मी न बघता प्रिंट मारली.

मारुतीच्या देवळात नकाशा लावला. एक आजोबा बराच वेळ बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, "मपलं तळं कुठं गेलं? दिसंना इथं." खोदाईचे पैसे त्यांनी उसनवारी करून घातले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं होतं असं. एकाच लेयरमधले आकार एकमेकांवर आले की क्यूजीआयएस ते फाइलमधून ज्या क्रमानं मिळतात त्याच क्रमानं रंगवतं. आधी रंगवलेला खाली, नंतरचा वर. मी शेततळी पाणलोटानंतर काढली होती म्हणून ती वर दिसत होती, म्हणजे नकाशा योगायोगानं बरोबर होता. नवी हद्द फाइलच्या शेवटी गेली, सगळ्यात शेवटी रंगली आणि तिनं खालची तळी झाकली. डेटा शाबूत होता, फक्त दिसत नव्हता. लेयर डेटाबेसमधून येत असेल तर आजचा क्रम उद्या तसाच राहील याचीही खात्री नसते.

इथंच बहुतेक जण फसतात, म्हणून पुन्हा सांगतो. लेयर पॅनेलमध्ये वरचा लेयर वर दिसतो, हे खरं. पण तो नियम लेयरा-लेयरांमधला आहे, एका लेयरच्या पोटातल्या आकारांना तो लागू नाही. प्रकारांच्या यादीत 'शेततळं' ओढून वर नेलं तर लिजेंडमधला (रंगांच्या सूचीतला) क्रम बदलतो, नकाशा तसाच राहतो. मी अर्धी रात्र ती यादी वरखाली करत बसलो होतो.

उपाय असा. लेयर प्रॉपर्टीजमध्ये सिम्बॉलॉजी उघडा. तळाशी लेयर रेंडरिंगमध्ये 'कंट्रोल फीचर रेंडरिंग ऑर्डर' वर टिक करा, शेजारच्या बटणातून $area हे क्षेत्रफळाचं फंक्शन निवडा आणि क्रम उतरता ठेवा. मोठा आकार आधी रंगतो, लहान त्याच्यावर येतो. क्षेत्रफळावर भागत नसेल तर 'क्रम' नावाचा रकाना करा: पाणलोटाला १, पाझर तलावाला २, शेततळ्याला ३, आणि क्रम चढता. नव्या आकारात हा रकाना रिकामा राहिला तर तो आधी रंगवायचा की शेवटी, हेही त्याच खिडकीत ठरवता येतं. 'शेवटी' ठेवा, म्हणजे विसरलेलं तळं निदान झाकलं जाणार नाही.

सिम्बॉल लेव्हल्स, म्हणजे चिन्हाचा कुठला थर आधी रंगवायचा ते ठरवणारी सोय, हे वेगळं प्रकरण आहे. रस्त्याची काळी कड आणि आतला पिवळा पट्टा चौकात एकमेकांना कापू नयेत म्हणून ते वापरा: कडेला ०, पट्ट्याला १. शिकताना दोन्ही सोयी एकदम चालू करू नका, काय कशामुळे बदललं ते कळत नाही.

मला तेव्हा एकानं झटपट उपाय सुचवला होता: डिफरन्स टूलनं शेततळ्याएवढा भाग पाणलोटातून कापून टाक. कृपा करून हे करू नका. दिसायला नकाशा सुधारतो, पण पाणलोटाचं क्षेत्र कमी होतं आणि त्यावर बसवलेला अपधावेचा (वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा) हिशेब बिघडतो. दिसण्याची अडचण दिसण्याच्या जागीच सोडवावी, जमिनीच्या आकड्यांना हात लावू नये. यूट्यूबवरून आयती स्टाइल फाइल (रंग-चिन्हांची तयार मांडणी) उचलण्याच्याही मी विरोधात आहे. ती कशी चालते हे कळलं नाही तर मोडल्यावर दुरुस्त कोण करणार?

आणि हातातला माउस काढून घेऊन स्वतःच करून देणाऱ्या सरांपासून जपून राहा. मला ज्या मॅडमनी शिकवलं त्यांनी माउसला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "सारवण आधी की रांगोळी आधी?" मी गप्प झालो आणि दहा मिनिटांत उत्तर सापडलं.

घाबरू नका, ही गोष्ट अवघड नाही. सरावाला नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) घ्या. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या मोफत प्रतिमांवरून पावसाळ्यानंतरचा आणि मे महिन्यातला पाणपसारा एकाच लेयरमध्ये काढा, मे महिन्याचा मुद्दाम आधी. तो मोठ्या पसाऱ्याखाली बुडालेला दिसेल. मग क्रम लावा, तो वर येईल.

प्रिंटआधी मी आता नकाशा तपासतो तो कागदाच्या मापावर. ३० बाय ३० मीटरचं शेततळं १:१०,००० च्या नकाशावर जेमतेम ३ मिलिमीटरचा चौकोन असतं, पडद्यावर मोठं करून बघितलं तर चूक सुटते. त्यानंतर गट नंबरांची यादी घेऊन एकेका तळ्यावर बोट ठेवतो. दुसरा नकाशा घेऊन गेलो तेव्हा आजोबांचं तळं मी सगळ्यात आधी दाखवलं. ते कागदाजवळ वाकले, निळा चौकोन बघितला आणि शेजाऱ्याला हाक मारली.