व्हॅलहाइम: नवख्या खेळाडूने सुरुवात कशी करावी

व्हॅलहाइम या संगणकीय खेळात कोणीही उपासमारीने मरत नाही. इतर बहुतेक सर्व्हायव्हल, म्हणजे तग धरून जगण्याच्या, खेळांची सवय असलेल्या खेळाडूला हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण त्या खेळांत भूक हा डोक्यावर टांगलेला धोका असतो, तर येथे जेवण ही पूर्वतयारी असते. रिकाम्या पोटीही आपले पात्र हिंडू-फिरू शकते. मात्र तेव्हा त्याच्याकडे फक्त २५ आरोग्य आणि ५० स्टॅमिना, म्हणजे दमसास, असतो, आणि एवढ्या भांडवलावर रानडुकराशीही धड लढता येत नाही. पुढील मार्गदर्शनाचा सारा रोख म्हणूनच एका गोष्टीवर आहे: या खेळात तलवारीआधी ताट, छप्पर आणि विश्रांती यांची व्यवस्था लावावी. नवखे खेळाडू कंटाळून खेळ सोडून देतात तेव्हा त्यामागे, माझ्या मते, लढण्याच्या कौशल्याचा अभाव क्वचितच असतो. उपाशी, भिजलेल्या आणि थकलेल्या अवस्थेत ते पुढच्या प्रदेशात शिरलेले असतात.

स्वीडनमधील आयर्न गेट या छोट्या स्टुडिओने तयार केलेला हा खेळ २ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्ली अ‍ॅक्सेस स्वरूपात, म्हणजे पूर्ण तयार होण्याआधीच, उपलब्ध झाला. नॉर्स पुराणकथांवर बेतलेल्या त्याच्या विस्तीर्ण जगात एका वेळी १० खेळाडू एकत्र वावरू शकतात. रणांगणात मरण पावलेला योद्धा म्हणून आपण या जगात उतरतो आणि नकाशाच्या मध्यभागी असलेल्या उभ्या शिळांच्या वर्तुळापासून आपला प्रवास सुरू होतो. तेथे ह्युगिन नावाचा कावळा अधूनमधून येऊन सूचना देतो. त्याच्या सूचना त्रोटक असल्या तरी नेमक्या असतात. त्या न वाचता पुढे जाऊ नये.

पहिला दिवस

सुरुवातीचा हिरवा, मोकळा प्रदेश म्हणजे मेडोज. येथे जमिनीवर पडलेल्या फांद्या आणि सुटे दगड उचलत फिरावे. ५ लाकडे आणि ४ दगड यांपासून दगडी कुऱ्हाड, तर ३ लाकडे आणि २ दगड यांपासून हातोडी तयार होते, आणि या दोन वस्तूंसाठी कोणत्याही कामाच्या टेबलाची गरज नसते. कुऱ्हाड हाती आली की झाडे तोडता येतात, पण तोडण्यापूर्वी झाड कोणत्या बाजूला कोसळेल याचा अंदाज घ्यावा. येथील झाड खरोखरच कोसळते, उतारावरून त्याचा ओंडका घरंगळतो, आणि वाटेत जे येईल त्याला तो जबर इजा करतो. सुरुवातीच्या तासाभरात अनेकांचा बळी कोणताही राक्षस नव्हे, तर स्वतः तोडलेले झाडच घेते. आपण ज्या बाजूने घाव घालतो त्याच्या विरुद्ध दिशेला झाड सहसा पडते. त्यामुळे उतारावर असताना वरच्या बाजूला उभे राहून तोडणे सुरक्षित असते, आणि जोडीदार सोबत असेल तर त्याला आधी बाजूला व्हायला सांगावे.

खेळातील एक संपूर्ण दिवस-रात्र ३० मिनिटांत सरते. पहिला सूर्यास्त होण्यापूर्वी निवारा उभा राहावा, एवढेच त्या दिवसाचे ध्येय ठेवावे. मेडोजमध्ये ठिकठिकाणी पडक्या झोपड्या आढळतात. त्यांपैकी एखादीची डागडुजी करणे हे कोऱ्या जागेवर घर बांधण्यापेक्षा पहिल्या रात्रीसाठी अधिक शहाणपणाचे ठरते.

घर

१० लाकडांचे वर्कबेंच, म्हणजे कामाचे टेबल, हा घराचा पाया समजावा. त्याच्या भोवती २० मीटरच्या परिघात बांधकाम करता येते आणि त्याच परिघात शत्रूही आपोआप उगवत नाहीत, त्यामुळे मोठ्या आवारात अंतरा-अंतराने एकापेक्षा अधिक वर्कबेंच ठेवण्याची पद्धत आहे. बांधकामासाठी नुसते वर्कबेंच पुरते. परंतु त्यावर वस्तू घडवायच्या असतील किंवा दुरुस्त करायच्या असतील, तर वर छप्पर आणि भोवती पुरेसा आडोसा लागतो. दुरुस्तीला काहीही साहित्य खर्च होत नाही. म्हणून दर वेळी घरी परतल्यावर सर्व हत्यारे दुरुस्त करून मगच बाहेर पडावे.

हातोडी हातात धरून भिंतीकडे किंवा तुळईकडे पाहिले की तिचा रंग बदललेला दिसतो. जमिनीला थेट टेकलेला भाग निळा दिसतो, आधार कमी होत जाईल तसा तो हिरवा, पिवळा आणि शेवटी लाल होतो, आणि लाल भागाच्या पुढे जोडलेली वस्तू कोसळून पडते. उंच छप्पर हवे असेल, तर जमिनीपासून थेट वर जाणारे खांब मधोमध उभारावेत.

आता चुलीचा, म्हणजे शेकोटीचा प्रश्न. शेकोटी फक्त उघड्या जमिनीवर पेटवता येते, त्यामुळे घरात लाकडी फरशी घालताना मधला एखादा चौकोन मोकळा सोडावा लागतो. ती पेटली की धुराचे लोट वर चढून छपराखाली साचू लागतात, आणि तो धूर केवळ शोभेचा नाही: बंदिस्त खोलीत तो हळूहळू खाली उतरतो आणि त्यात उभ्या असलेल्या खेळाडूचे आरोग्य खाऊ लागतो. छपराला नुसते भोक पाडले, तर त्यातून पाऊस आत येतो आणि शेकोटी विझते. त्यावर उपाय असा की आढ्यावर एका जागी फट ठेवावी, तिच्या दोन्ही बाजूंना आखूड खांब उभारावेत आणि त्यांवर छपराचे दोन तुकडे टोपीसारखे बसवावेत. धूर कडेने निघून जातो, पाऊस बाहेर राहतो, आणि घराला एक देखणे धुराडेही मिळते. एवढे छोटे काम नीट जमले की हा खेळ किती बारकाईने रचलेला आहे याची पहिली खरी ओळख पटते.

बिछान्याला ८ लाकडे लागतात. त्यावर झोपण्यासाठी डोक्यावर छप्पर आणि जवळ पेटती शेकोटी हवी. बिछाना आपल्या नावावर करून घेतल्यावर मृत्यूनंतर आपण मध्यवर्ती शिळांऐवजी तेथेच जागे होतो, म्हणून नवीन ठिकाणी मुक्काम हलवताना हे काम प्रथम उरकावे.

विश्रांतीचे महत्त्व मात्र झोपेपुरते नाही. छपराखाली, शेकोटीच्या उबेत थोडा वेळ थांबले की ‘रेस्टेड’ ही अवस्था प्राप्त होते. तिच्यामुळे स्टॅमिना दुप्पट वेगाने भरून येतो, आरोग्य लवकर सुधारते आणि कौशल्येही जलद वाढतात. आरामाच्या अगदी पहिल्या पातळीवर ती ८ मिनिटे टिकते. त्यापुढे घरातील आराम जितका वाढवावा तितकी मिनिटे वाढतात, कारण आरामाच्या प्रत्येक पातळीमागे एक मिनिट मिळते. बसायला आसन, टेबल, जमिनीवर हरणाचे कातडे या वस्तू सजावटीच्या वाटल्या तरी त्यांचा थेट उपयोग रणांगणावर होतो. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू ठेवून लाभ होत नाही. त्या प्रकारातील सर्वांत उत्तम वस्तूच मोजली जाते.

जेवण

एका वेळी पोटात तीन पदार्थ राहू शकतात आणि ते तिन्ही वेगवेगळे असावे लागतात. पदार्थांच्या चित्राशेजारी काट्याचे चिन्ह असते: लाल काटा मुख्यतः आरोग्य वाढवतो, पिवळा स्टॅमिना वाढवतो, आणि पांढरा दोन्ही बेताने वाढवतो. सुरुवातीला भाजलेले डुकराचे मांस, हरणाचे मांस आणि रासबेरी किंवा मशरूम एवढी शिधासामग्री पुरेशी असते. माझी शिफारस अशी की साधारणपणे दोन लाल आणि एक पिवळा पदार्थ घ्यावा, आणि लांबच्या शोधमोहिमेसाठी हे प्रमाण उलटे करावे. मांस शेकोटीवरच्या तिकाटण्यावर टांगून भाजतात. त्याचा रंग बदलला की लगेच उतरवावे, कारण दुर्लक्ष झाल्यास त्याचा कोळसा होतो.

पडक्या घरांच्या आढ्याखाली कधीकधी मधमाश्यांचे पोळे असते. जवळ गेल्यास माश्या डसतात, त्यामुळे ते दुरून बाणांनी पाडावे आणि त्यातून मिळालेली राणीमाशी व १० लाकडे वापरून घराजवळ मोकळ्या जागी स्वतःची पेटी बसवावी. घरच्या मधाइतका बिनश्रमाचा आणि भरवशाचा स्टॅमिनाचा साठा सुरुवातीच्या काळात दुसरा नाही.

शिकार आणि आयकथिर

१० लाकडे आणि ८ चामड्याचे तुकडे यांपासून साधे धनुष्य होते. हे तुकडे रानडुकरांकडून मिळतात. हरीण चाहूल लागताच पळते, म्हणून वाकून, सावकाश जवळ जावे आणि बाण पूर्ण ताणून, अंतर असल्यास किंचित वर नेम धरून सोडावा. नदीकाठी आणि समुद्रकाठी गारगोटीचे दगड सापडतात. त्यांपैकी १० आणि १० लाकडे यांचा ओंडका-ठोकळा वर्कबेंचजवळ बसवला की वर्कबेंचची पातळी वाढते आणि हरणाच्या कातड्याचे चिलखत शिवता येते.

लढाईत स्टॅमिना कधीही पूर्ण संपू देऊ नये. धावणे, उडी, घाव घालणे, ढालीने अडवणे या सगळ्यांना तोच लागतो, आणि तो संपलेला खेळाडू शत्रूसमोर नुसता उभा राहतो. ढाल सतत वर धरण्यापेक्षा शत्रूचा घाव पडण्याच्या नेमक्या क्षणी ती पुढे केल्यास तो लटपटतो आणि आपल्याला मोकळा वार मिळतो. हा सराव मेडोजमधील दुबळ्या ग्रेलिंगांवर करून घ्यावा, कारण पुढच्या प्रदेशांत सरावाला उसंत मिळत नाही.

मेडोजचा स्वामी आयकथिर हा विजेचे लोळ फेकणारा विशाल हरीण आहे. त्याच्या वेदीवर हरणाची दोन मुंडकी, म्हणजे खेळातील ‘ट्रॉफी’, वाहिली की तो प्रकट होतो. पोटात तीन पदार्थ, अंगावर चामड्याचे चिलखत, हातात ढाल आणि रेस्टेड अवस्था असेल तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याला हरवल्यावर मिळणाऱ्या कठीण शिंगातून कुदळ तयार होते आणि त्या कुदळीशिवाय धातूचे युग सुरूच होत नाही. त्याचे मुंडके मध्यवर्ती शिळांवर टांगायला विसरू नये, कारण त्यामुळे धावताना आणि उडी मारताना कमी स्टॅमिना खर्च करणारी शक्ती मिळते.

इतरांबरोबर खेळताना

जग आणि पात्र यांची नोंद स्वतंत्र ठेवली जाते. म्हणजे आपले पात्र त्याच्या कौशल्यांसह आणि सामानासह मित्राच्या जगात जाऊ शकते, आणि मित्र आपल्या जगात येऊ शकतो. जग ज्याच्या संगणकावर आहे तो खेळत असेल तेव्हाच इतरांना त्यात प्रवेश मिळतो. सर्वांना वाटेल तेव्हा खेळायचे असेल, तर स्वतंत्र, सतत चालू राहणारा डेडिकेटेड सर्व्हर चालवावा. वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या मित्रांनी हे विशेष लक्षात घ्यावे. जगाच्या ज्या भागात जो खेळाडू आधी पोहोचतो, त्या भागाची गणिते त्याच्या संगणकावर चालतात, म्हणून ज्याचे इंटरनेट सर्वांत चांगले आहे त्याने मोठ्या लढाईच्या जागी सर्वांआधी पोहोचावे. शत्रू अडखळत, उड्या मारत हलताना दिसणे हा प्रकार त्यामुळे बराच कमी होतो.

रात्र उलटण्यासाठी जगातील प्रत्येकाने बिछान्यावर आडवे व्हावे लागते. एकही जागा राहिला तर रात्र सरत नाही. जवळपास खेळाडू जितके जास्त, तितके शत्रूही अधिक चिवट होतात, हेही ध्यानात ठेवावे.

मृत्यू आल्यास

मेल्यावर सर्व सामान त्या जागी थडग्यात राहते आणि नकाशावर खूण उमटते. थडगे आपोआप नाहीसे होत नाही, त्यामुळे घाईने, उघड्या अंगाने आणि उपाशी पोटी तेथे धावणे ही सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे. प्रत्येक मृत्यूबरोबर कौशल्ये थोडी घटतात. लगेच पुन्हा मृत्यू आल्यास काही मिनिटे ती घट होत नाही, एवढीच सवलत मिळते. घरी एका पेटीत जुनी ढाल, जुने हत्यार आणि थोडे शिजलेले अन्न कायम राखून ठेवावे आणि ते घेऊनच सामान आणायला जावे.

ब्लॅक फॉरेस्टकडे

कुदळ हाती आल्यावर दाट पाइनच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये तांबे आणि किनाऱ्यालगत कथील मिळते. मात्र आधी तेथील दगडी भुयारी कबरींत उतरून सर्टलिंग कोअर जमवावेत, कारण धातू वितळवणाऱ्या भट्टीला ५ आणि कोळशाच्या भट्टीलाही ५ कोअर लागतात. दोन भाग तांबे आणि एक भाग कथील यांपासून कांसे तयार होते, आणि कांस्याच्या कुऱ्हाडीने बर्च व ओक तोडून मिळणाऱ्या उत्तम लाकडातून पोर्टल, म्हणजे दूरच्या जागी क्षणात पोहोचवणारे दार, उभारता येते. समान नाव दिलेली दोन पोर्टल एकमेकांना जोडली जातात.

येथे एक अडचण उभी राहते. जग सुरू करताना नियम बदलले नसतील, तर पोर्टलमधून कच्चा किंवा वितळलेला धातू नेता येत नाही. खेळाडूची वजन वाहण्याची मर्यादा ३०० असते आणि कच्च्या तांब्याचा एकेक तुकडा १० वजनाचा असतो, म्हणजे चिलखत आणि हत्यारे अंगावर असताना एका फेरीत फारसा माल येत नाही. मर्यादा ओलांडल्यास धावता येत नाही आणि चालतानाही स्टॅमिना गळत राहतो. अशा वेळी ट्रोल हा महाकाय राक्षस दिसला तर सुटका कठीण असते. म्हणून तांब्याच्या मोठ्या खडकांपाशीच वर्कबेंच, बिछाना आणि दोन्ही भट्ट्या असलेला दुसरा छोटा तळ उभारावा, आणि पहिल्या कांस्यापैकी थोडे खिळ्यांसाठी राखून हातगाडी तयार करावी. ही गाडी झाडांच्या मुळांत आणि चढावर अडते, त्यामुळे तळापासून मेडोजपर्यंतची वाट कुदळीने आणि फावड्यासारख्या ‘हो’ या अवजाराने आधीच सपाट करून ठेवावी.