गच्चीवरचा १५ ऑगस्ट, इंदुरी पद्धतीने

झेंडावंदनात घोळ होतो तो बहुतेक वेळा गाठीत. सुती दोरी पावसात भिजली की फुगते, आणि ओढाल तसतशी गाठ आणखी आवळते. पातळ नायलॉनची दोरी घ्या, सरकफास मारा आणि आदल्या संध्याकाळी एकदा ओढून बघा. झेंड्याचं माप ३:२, म्हणजे ३ फूट लांब तर २ फूट उंच. केशरी बाजूचं टोक वरच्या दोरीला बांधलंय ना, हे घडी घालण्यापूर्वीच पाहा. आत मूठभर कोरड्या पाकळ्या. ओल्या असल्या तर कापडालाच चिकटून बसतात.

मग पोहे. बाराजणांना १ किलो मध्यम जाड पोहे पुरतात. चाळणीत धुऊन १० मिनिटं निथळू द्या, मीठ, हळद, थोडी साखर लावा. फोडणीत मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची. कांदा फोडणीत नाही, हे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा! पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवून झाका. थेट आचेवर ठेवलंत तर तळाचे पोहे कडक होतात. वरून जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू. जिलबी सरळ बाजारातून आणा, घरी घालण्यात सकाळ जाते.

दुपारी इंदूरजवळच्या पाताळपाणीला जायचं असेल तर कठड्याच्या अलीकडूनच धबधबा बघा. वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी एकाएकी चढतं.