खांडसहून भीमाशंकर: शिडी घाटाने वर, गणेश घाटाने खाली

कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला दोन वाटा चढतात. शिडी घाट जवळचा, उभा आणि कातळातला. गणेश घाट लांबचा, पदरगडाला वळसा घालून जाणारा, पण सरळसोपा. दोन्ही वाटा अर्ध्या उंचीवर, पदरवाडीच्या पठाराजवळ एकत्र येतात आणि तिथून देवळापर्यंत एकच वाट उरते. म्हणजे खरं वर्तुळ खालच्या निम्म्या भागातच आहे. वरचा भाग गेलेल्या वाटेनेच उतरायचा. एका दिवसाचं सगळं नियोजन या पदरावर, म्हणजे डोंगराच्या अर्ध्यावरच्या पठारावर, उभं आहे. पुढे जायचं की परतायचं, हे तिथेच ठरवायचं.

वर्तुळाची दिशा मात्र बदलू नये. शिडी घाट चढायचा आणि गणेश घाट उतरायचा. शिडी चढताना पुढची पायरी डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय आंधळेपणाने खाली सोडावा लागतो, आणि तोही दिवसभर चालून गुडघे थरथरत असताना. शिड्यांच्या आसपासच्या रॉकपॅचवर, म्हणजे हातांचा आधार घेऊन चढायच्या उघड्या कातळावर, हीच गोष्ट जास्त महागात पडते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शिडी घाट पूर्ण वर्ज्य: कातळावर शेवाळ, शिड्यांवरून पाण्याचे लोट, आणि ओढे तासाभरात फुगतात. तेव्हा जायचंच असेल तर जाऊन-येऊन गणेश घाटच, आणि प्रशासनाने बंदी घातलेली नाही याची आदल्या दिवशी खात्री करून. पाऊस थांबला तरी ऑक्टोबरभर कातळातून पाणी झिरपत असतं, त्यामुळे घाई नको. मार्चनंतर सकाळी दहालाच कातळ तापतो.

खांडस ते देऊळ ही साधारण 800 ते 900 मीटरची चढाई. सवयीचा माणूस तासाला 250 ते 300 मीटर उंची गाठतो, म्हणजे नुसत्या चढाईचे तीन-साडेतीन तास. त्यात शिड्यांचा वेळ मिळवा. हा हिशेब बहुतेक जण विसरतात आणि तिथेच दिवस हातातून जातो. शिडीवर एका वेळी एकच माणूस, प्रत्येकाला सुमारे तीन मिनिटं, शिड्या तीन. सगळे वर आल्यावरच पुढची शिडी धरली तर बारा जणांच्या गटाला 108 मिनिटं. सहा जणांना 54. म्हणून गट आठाच्या आत ठेवा आणि रविवार टाळता आला तर टाळा.

वेळापत्रक असं बसतं. सकाळी सहाला खांडस सोडायचं. थंडीत अजून अंधार असतो, तेव्हा हेडटॉर्च लागतोच. पहिल्या एसटीची वाट पाहिली तर ही वेळ साधत नाही. आदल्या रात्री गावात मुक्काम करा किंवा स्वतःची गाडी आणा. कर्जत किंवा नेरळहून कशेळेमार्गे रस्ता आहे. गावाच्या पुढे डांबरी रस्त्यावर पूल लागतो. पुलानंतर डावीकडची पायवाट शिडी घाटाची, सरळ रस्ता गणेश घाटाचा. साडेनऊपर्यंत पदरवाडी, साडेअकरापर्यंत देऊळ, एकला परतीला सुरुवात, पाचच्या आत खांडस. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं.

पदरवाडीला साडेदहा वाजून गेले असतील तर देवळाचा विचार सोडा. तिथूनच गणेश घाटाने उतरा; शिड्या आणि पदरगडाचा वळसा एवढंही पूर्ण दिवसाचं समाधान देतं. पठारावर ढोरवाटांचं जाळं आहे आणि पदरगडाकडे जाणारी वाटही फुटते. मळलेली दिसली म्हणून कुठलीही वाट धरू नका, वाडीत विचारा. पहिल्यांदाच जात असाल तर खांडसमधून वाटाड्या घेणं उत्तम. शिड्यांची सध्याची अवस्था त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

शिडीवर चढण्याआधी ती हाताने जोरात हलवून पाहा. वरची टोकं कशाला बांधली आहेत ते बघा आणि पहिल्या पायरीवर हळूहळू वजन टाका. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. सॅकच्या बाहेर मॅट, बाटली, काठी काही लोंबू देऊ नका. ती कातळात अडकते आणि माणूस मागे ढकलला जातो. खालच्याने शिडीच्या थेट रेषेत उभं राहू नये, दगड सुटतात. गटात बिले देता येणारा, म्हणजे चढणाऱ्याला दोराने सावरून धरता येणारा, कुणी असेल तर 20 ते 30 मीटर दोर घ्या. तसा माणूस नसेल तर दोराचा खोटा धीर येतो, आणि तो जास्त घातक.

पाणी थंडीत माणशी तीन लिटर, फेब्रुवारीअखेर चार. डिसेंबरनंतर ओढे आटतात. पठारावरच्या झोपडीत चहा-सरबत मिळालं तर आनंद, पण त्या भरवशावर निघू नका. बाटल्या वर देवळाजवळच्या हॉटेलांत भरून घ्या. खायला पोळी-भाजी, गूळ-शेंगदाणे, चिक्की. सोबत मीठ-साखरेची पुडी, क्रेप बँडेज आणि शिट्टी.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळा. कातळाच्या खोबणीत न बघता हात घालू नका, फुरसं बसलेलं असू शकतं. पदराच्या वर दाट जंगल लागतं. हे 1985 पासूनचं अभयारण्य आहे आणि शेकरूचं घर आहे. शांतपणे चाललात तर वर फांद्यांत त्याची झुपकेदार शेपटी नक्की शोधा. कचरा परत आणा, चूल पेटवू नका.

देवळात श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि सुट्ट्यांना रांग तासन्‌तास चालते. एक वाजला की दर्शन झालेलं नसलं तरी निघा. कुणाचा पाय मुरगळला किंवा उशीर झाला तर उतरण्याचा हट्ट नको: भीमाशंकरहून मंचरमार्गे पुण्याला एसटी जाते. गाडी खांडसला राहिली तर राहू दे. त्यासाठी माणशी थोडी रोख रक्कम वेगळी ठेवा, कारण घाटात फोनला रेंज सलग नसते. घरच्यांना निघतानाच दोन्ही शक्यता सांगा, आणि रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचं हेही.