मृगाच्या आधी वाटांची तयारी

अंबाजोगाईत पहाटे फिरायला निघणारे भरपूर आहेत, पण फिरायचं कुठं? दिवाळीनंतर परळीच्या नाहीतर लातूरच्या रस्त्याला लागलं की मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो आणि माणूस कडेच्या काट्यात उतरतो. हत्तीखाना लेणी, बुट्टेनाथ, मुकुंदराजांची समाधी ही ठिकाणं इथल्या लेकरांनाही ठाऊक आहेत. तिकडं जाणाऱ्या जुन्या वाटा मात्र मधेच कुठंतरी वेड्या बाभळीत हरवतात. पायी आणि सायकलनं फिरता यावं म्हणून त्या जोडायचं आम्ही काही जणांनी मनावर घेतलं. तुमच्या गावात असं काही करायचं असेल तर सुरुवात ऐन उन्हाळ्यात करा. गवत जळालेलं असतं, जमिनीचा उतार उघडा दिसतो आणि माणसंही घरी सापडतात. बीड जिल्ह्यात हे शेवटचं महत्त्वाचं, कारण दसरा-दिवाळीपासून निम्मी गावं ऊसतोडीला गेलेली असतात. खोदकामाला माणूस लागणार असेल तर तो फड संपवून परत आल्यावर आणि पेरणीत अडकण्याआधी, एवढ्याच फटीत मिळतो.

नवी वाट काढायच्या फंदात पडू नका. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. त्यात तुटक दुहेरी रेघ दिसली तर तो गाडीमार्ग, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी 8.25 फूट धरतात, गाडीमार्गाची 16.5 ते 21 फूट. प्रत्यक्षात तिथं दोन फुटांची पट्टी उरलेली असते आणि तिच्यावरही कुणीतरी तुराट्या रचलेल्या असतात. नकाशासोबत सातबारा आणि 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या पाहणीची जुनी नोंद, जवळ ठेवा. आपल्या मराठवाड्यात त्याहून जुना कागद निघाला तर तो निजामाच्या काळातला, उर्दूत नाहीतर मोडीत. वाचणारा माणूस आधी शोधून ठेवलेला बरा.

कागद हातात आला म्हणून थेट तहसीलला जायचं नाही. बांधावरून रस्ता मागण्याचं महसूल अधिनियमातलं कलम 143 असो की वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर 6 महिन्यांच्या आत दाद मागायचा 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम असो, दोन्ही आहेत शेतकऱ्याच्या सोयीसाठी. आपण ट्रॅकसूट घालून गेलो तर आपलं ऐकणार कोण? म्हणून ज्यांची वावरं त्या वाटेवर आहेत त्यांच्याकडं एकेकट्यानं जा. घोळक्यानं गेलात की समोरच्याला वाटतं, जमीन गेली. आम्ही पहिल्यांदा सात जण गेलो होतो. वावराचे मालक आबा खाटेवरून उठलेही नाहीत. म्हणाले, “मोजायला आलात का घ्यायला आलात?” पुढच्या खेपेला एकटाच गेलो, चहा झाला, आणि बोलणं निघालं ते पावसाळ्यात त्यांची बैलगाडी कुठं रुतते त्याचं. मग कळलं, फिरणाऱ्यांची वाट कुणालाच नको असते, पांदण, म्हणजे वावरात जायचा गाडीरस्ता, सगळ्यांनाच हवी असते. तेव्हा जिथं दोन्ही एकत्र बसतं तिथं मागणी पांदणीची करा आणि ती शेतकऱ्यांच्या सहीनं जाऊ द्या. वाट वनखात्याच्या हद्दीत शिरत असेल तर त्यांची, लेण्यांजवळून जात असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी. यात शॉर्टकट नाही.

आता पाण्याचं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथंच आम्ही सपशेल फसलो. टेकडीवर चढायची एक वाट आम्ही मोठ्या हौसेनं सरळ नाकासमोर काढली. चढायला दहा मिनिटं, वरून गाव दिसतं, फोटो झकास. एका पावसाळ्यात तिची घळ झाली. मुरूम खाली वावरात गेला, ज्याच्या वावरात गेला तो आमच्या दारात आला. चूक साधी होती. डोंगराचा जो उतार तोच वाटेचा उतार ठेवला की पाणी वाटेलाच ओढा समजतं. वाट आडवी, तिरकी न्यायची आणि तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. डोंगर 20 टक्के उतरत असेल तर वाट 10 च्या आत. माती नुसतीच भुसभुशीत असेल तर त्याहूनही कमी.

मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी आणि 10 फुटांचा सरळ बांबू घ्या. बांबू वाटेच्या दिशेनं धरून नळीनं पाणसळीत आणा. खालच्या टोकाखाली जमीन 1 फूट खोल गेली तर चढ 10 टक्के झाला. तिथं खुंटी मारा, पुढं सरका. हळूहळू डोळाच सांगायला लागतो. याशिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, 4 फूट रुंदीला 2 इंच पुरे, म्हणजे पाणी वाटेवरून चालत न जाता तिला ओलांडून जातं. आणि लांब चढावर मधूनमधून वाट थोडी खाली उतरवून पुन्हा चढवायची. सायकलवाल्यांना ती लाट आवडते, पाण्याला तिथं बाहेर पडावं लागतं.

सपाटीवर काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते, म्हणून तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचा आग्रह कुणी धरला तर नम्रपणे नको म्हणा. दोन वर्षांत त्यांची पाठ उंटासारखी होते. वरची माती अर्धा फूट काढा, खाली दगड बसवा, त्यावर मुरूम चार-चार इंचांच्या थरानं टाकून पाणी मारत धुम्मस करा. गावातल्या पादचारी मार्गाला रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगते. गावालगतच्या तुकड्याला तेवढी ठेवा, पुढं रानात चार फुटांवर भागतं. मोटारसायकली अडवायला खांब रोवाल, पण जिथून चाकाची खुर्ची जाते तिथून मोटारसायकलही जाते. मी खुर्ची जाऊ देण्याच्या बाजूचा आहे.

सायकलवाल्यांचा खरा वैरी सराटा. पावसात तो जमिनीला चिकटून पसरतो, पिवळं फूल इतकं बारीक की कौतुक वाटावं. वाळल्यावर फळाचे पाच तुकडे होतात आणि कुठलाही तुकडा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतोच. त्यामुळं श्रावण-भाद्रपदात, हिरवा असतानाच, मुळासकट उपटा. राहून गेला तर ओलं गोणपाट दोरीनं बांधून वाटेवरून ओढत न्या. काटे त्यात अडकून येतात, मग गोणपाट तिथंच झटकू नका, एवढंच. गाजरगवत फुलावर यायच्या आत काढायचं, हातमोजे घालून. अंगावर खाज उठली की दुसऱ्या दिवशी कामाला कुणी येत नाही.

बायकांना विचारल्याशिवाय वाट पक्की करू नका. आमच्या नकाशावर जी सगळ्यात जवळची वाट होती ती निघाली गोदरीची, म्हणजे उघड्यावर शौचाला बसायच्या जागेची. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, त्यांना पहाटे त्या बाजूला फिरकणंही अशक्य होतं. कुठल्या वळणावर पलीकडचं दिसत नाही, हिवाळ्यात उजाडेपर्यंत कुठवर जाता येतं, हे त्यांनी एका फेरीत सांगितलं. त्या वळणावरच्या फांद्या त्याच आठवड्यात छाटल्या.

खुणेसाठी पत्र्याच्या पाट्या लावू नका, भंगारात जातात. प्रत्येक फाट्यावरच्या मोठ्या दगडावर ऑइल पेंटनं बाण काढा, परतणाऱ्यासाठी उलट्या बाजूलाही. चुन्याचा बाण एक पाऊस टिकतो. देवळाच्या, लेण्यांच्या दगडाला ब्रश लावायचा नाही. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, माणसाला न चालवता सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं, हे सगळ्यांना माहीत असू द्या. मार्गशीर्ष पौर्णिमेला योगेश्वरी देवीच्या भक्तांची गर्दी गावात असते, त्या दिवसांत वाटेवर काम काढू नका.

टिकाव, फावडी, घमेली, कोयते कुणाच्या घरी आहेत ते एका वहीत लिहा. वाटेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा दोघांच्या नावावर करा, एकाच्या नाही, कारण एकाच्या घरी लग्न निघतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाणी जायचे चर मोकळे झालेले हवेत. मग मृगाचा पहिला जोराचा पाऊस सुरू असतानाच छत्री आणि दहा-बारा खुंट्या घेऊन बाहेर पडा. पाणी जिथं थांबलंय तिथं एक खुंटी, जिथं वाटेवरून धावतंय तिथं एक. रविवारी फावडी घेऊन त्या खुंट्यांवर जायचं.