भाजीवाल्या शेतकऱ्यांना 'गॅप' शिकवायचंय? मग आधी प्रोजेक्टर घरी ठेवा

आमच्या पहिल्या ट्रेनिंगला मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये चाळीस स्लाइड्स दाखवल्या होत्या, उत्तम कृषी पद्धती म्हणजेच गॅप, तिचे फायदे, सर्टिफिकेट, एक्स्पोर्ट वगैरे, आणि चहा झाल्यावर मागे वळून बघतो तर हॉलमध्ये सरपंच, शिपाई आणि मी. अर्ध्या एकरात भेंडी नाहीतर टोमॅटो लावणाऱ्या माणसाला सर्टिफिकेटचं काय करायचंय, त्याचा माल उद्या सकाळी मार्केटला जायचाय.

तेव्हापासून मी गॅपचा अर्थच बदलून सांगतो, फवारणी आणि तोडा यांच्यामधला गॅप. बाकीचं नंतर.

यासाठी लागतं काय तर घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर. ज्या तारखेला फवारलं तिथे 'फ' आणि औषधाचं नाव, ज्या दिवशी तोडला तिथे 'त', बस. औषधाच्या लेबलवर किंवा आतल्या घडीच्या कागदावर त्या पिकासाठी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, अक्षरं मुंगीएवढी असतात म्हणून मोबाईलने फोटो काढून झूम करायला शिकवा, खरंच शिकवा, बऱ्याच जणांना सुचत नाही. त्याच कागदावर आपलं पीक लिहिलेलं आहे का तेही बघायला लावा. कापसाचं औषध मिरचीवर मारणं सर्रास चालतं. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे हे तर नाव घेऊनच सांगा.

इथे एक गैरसमज हमखास निघतो. डब्यावरचा त्रिकोण हिरवा असला की लोक म्हणतात हे सौम्य आहे, उद्या तोडलं तरी चालतंय. तसं नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे औषध किती विषारी ते सांगतात, तोड्याआधी किती दिवस थांबायचं ते सांगत नाहीत, त्यासाठी आकडाच वाचावा लागतो.

आता खरी अडचण. भेंडीचा तोडा एक दिवसाआड, आणि औषधाला थांबायचंय समजा पाच दिवस, मग काय करणार? हा प्रश्न शेतकऱ्याने विचारायच्या आत तुम्हीच विचारा, नाहीतर तो मनात म्हणणार, 'साहेबाला शेती कळत नाही.' उत्तर असं की जास्त दिवस थांबावं लागणारं औषध फुलं लागायच्या आधीच वापरून घ्यायचं, तोडे सुरू झाले की कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून अडकवणारे), पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क आणि फारच गरज पडली तर कमी दिवसांचं औषध, तेही आधी तोडा आणि मग फवारणी या क्रमाने आणि त्याचेही दिवस मोजून. तरीही जास्त दिवसांचं औषध मारावंच लागलं तर मधल्या दिवसांतली भेंडी तोडून टाकून द्यायची. हे ऐकून पोटात गोळा येतो, माहितीये, पण खोटं आश्वासन देऊ नका.

निंबोळी अर्क तिथेच बनवून दाखवा. ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळून २०० ग्रॅम साबणाचा चुरा टाकून पाणी १०० लिटर करायचं, झाला ५ टक्के अर्क. निंबोळ्या मात्र उन्हाळ्याच्या शेवटी गोळा करून वाळवून ठेवाव्या लागतात, ऐनवेळी मिळत नाहीत.

मग माप. 'पंपाला एक झाकण' हे आपलं राष्ट्रीय माप. सगळ्यांना घरातली रिकामी झाकणं आणायला सांगा (स्वच्छ धुतलेली) आणि १० मिलीच्या सिरिंजने पाणी मोजून भरायला लावा, प्रत्येक झाकण वेगळं निघतं आणि मग हशा पिकतो, तुमचं अर्धं काम तिथेच होतं. त्यानंतर एक गुंठा, म्हणजे ३३ बाय ३३ फूट आखून साध्या पाण्याने रोजच्या चालीने फवारायला सांगा. समजा ४ लिटर लागलं तर एकराला १६० लिटर, १५ लिटरचे जवळपास अकरा पंप. हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या.

अंगावर किती उडतं हे दाखवायला ट्रेनिंगपुरताच ठेवलेला पंप, पाण्यात खायचा रंग आणि एक जुना पांढरा शर्ट. फवारून झाल्यावर शर्टाकडे बघून कुणालाच भाषणाची गरज राहत नाही. हातमोजे, मास्क, वाऱ्याकडे पाठ हे त्या शर्टावर बोट ठेवून सांगा.

आणि हो, बायकांना बोलवा! तोडा, निवड, क्रेट भरणं सगळं त्याच करतात आणि ट्रेनिंगला मात्र दादा येऊन सही करून जातात. आम्ही दुपारी जेवणाच्या सुट्टीत बांधावरच बसतो, अर्ध्या तासाच्या वर नाही. हात धुऊन तोडणी, धुतलेले क्रेट, माल सावलीत, खताच्या गोणीत भाजी भरायची नाही एवढंच. 'फवारलंय, आज तोडू नका' हे त्यांना कुणी सांगतच नाही, म्हणून फवारलेल्या वाफ्याला लाल चिंधी बांधायची पद्धत आम्ही पाडली, ती कॅलेंडरवरचे दिवस भरल्यावरच सोडायची.

महिन्याभराने न सांगता चक्कर मारा आणि आधी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघा. 'फ' आणि 'त' एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेले दिसले तर रागवू नका, चहा घ्या आणि या आठवड्याचं काय मारलं ते विचारून समोर बसून लिहायला लावा.