पेशीने मेदाचे कण किती सोडले, हे मोजायचं कसं

लॅबमध्ये नवीन आलेलं पोर मीडियामधलं (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवातलं) ट्रायग्लिसराइड, म्हणजे मेद, मोजतं आणि ‘स्राव वाढला’ म्हणून खूश होतं. मी विचारते, काय वाढलं? कणांची संख्या, की तेवढेच कण जास्त भरून निघाले? एका आकड्यावरून ते कळत नाही. म्हणून ट्रायग्लिसराइड आणि एपो-बी (कणाचा सांगाडा असलेलं प्रथिन) दोन्ही मोजा, आणि मीडियाबरोबर पेशींमध्येही मोजा. यकृताच्या पेशी सोडतात ते मेदाचे कण म्हणजे व्हीएलडीएल; त्यांच्या प्रत्येक कणात एपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे एपो-बी मोजलं की कणच मोजले. ट्रायग्लिसराइडला त्याने भागा, कण किती भरलेला आहे त्याचा अंदाज येतो.

हेप-जी-२ पेशी (माणसाच्या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या, लॅबमध्ये वाढवतात त्या) घेत असाल तर आधी सीरम धुऊन टाका; त्यात गाईचे स्वतःचे लिपोप्रोटीन (मेद-प्रथिनांचे कण) असतात. मग ओलिक आम्ल द्या, पण मेदमुक्त अल्ब्युमिनला बांधूनच. मी ०.४ मिलिमोलारपासून सुरू करते. मोकळं ओलिक आम्ल पेशींना मारतं. कंट्रोलला नुसतं अल्ब्युमिन. मीडिया काही तासांतच काढा, कारण याच पेशी एलडीएल रिसेप्टरने (कण पकडणाऱ्या प्रथिनाने) कण परत आत ओढतात. काढल्या काढल्या प्रथिनांची मोडतोड रोखणारं प्रोटिएझ इन्हिबिटर घाला, थंडीत स्पिन करा. मीडियामध्ये लॅक्टेट डिहायड्रोजिनेज (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं विकर) तपासायला विसरू नका. मेलेल्या पेशींमधून गळालेल्या मालाला स्राव म्हणत नाहीत.

एपो-बी वेस्टर्न ब्लॉटने मोजायला गेलं, म्हणजे प्रथिनं जेलमधून पळवून, पडद्यावर उतरवून (ट्रान्सफर) अँटिबॉडीने ओळखायला गेलं, की जेलवर बहुतेकांची फजिती होते. एपो-बी-१०० हे ४५३६ अमिनो आम्लांचं, ५०० किलोडाल्टनच्या वरचं धूड. नेहमीच्या १० टक्के जेलमध्ये ते वेलच्या तोंडाशीच अडकतं आणि माणूस अँटिबॉडीला शिव्या घालत बसतो. ३ ते ८ टक्क्यांचं ग्रेडियंट जेल घ्या, ट्रान्सफर रात्रभर थंड खोलीत कमी व्होल्टेजवर. नुसता आकडा हवा असेल तर एलायझा (जेलशिवाय, अँटिबॉडीने थेट मोजणी) करा आणि मोकळे व्हा.

आता निकाल वाचायचा. एपो-बी राइबोसोमवर तयार होत असतानाच एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या कप्प्यात) शिरतं आणि एमटीपी नावाचं प्रथिन त्याच्यावर मेद चढवत जातं. मेद चढला नाही तर ते मागे ओढलं जातं आणि प्रोटिआसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) त्याचे तुकडे करतो. म्हणून एपो-बी बाहेरही कमी आणि आतही कमी असेल, तर गाडी भरलीच गेली नाही. बाहेर कमी पण आत साठलेलं असेल, तर भरलेली गाडी फाटकात अडली. माणसाच्या आजारांतही हाच फरक दिसतो: एमटीपी बिघडलं की अबीटालिपोप्रोटिनेमिया (रक्तात एपो-बीचे कण जवळजवळ नसतात तो आजार), आणि सार-१-बी (कण पुढे नेण्याच्या कामातलं प्रथिन) बिघडलं की कायलोमायक्रॉन, म्हणजे आतड्याचे मेदकण, तयार होऊनही आतड्याच्या पेशीतच अडकतात. पहिल्या प्रकाराचा कंट्रोल सोपा आहे, एमटीपी अडवणारं लोमिटापाइड हे औषध एका वेलमध्ये घाला.

हेप-जी-२चे कण अर्धपोटी असतात, बरेचसे एलडीएलच्या (व्हीएलडीएलपेक्षा लहान आणि जड कणांच्या) घनतेचे. १.००६ ग्रॅम/मिलिलिटरपेक्षा कमी घनतेचे खरे व्हीएलडीएल हवे असतील तर प्रायमरी (थेट यकृतातून काढलेल्या) यकृतपेशी घ्या. उंदराच्या घेतल्या तर दोन बँड येतील, कारण उंदराचं यकृत एपो-बी-४८ही (सी-टोकाकडचा भाग नसलेलं आखूड रूप) बनवतं; माणसात ते काम आतड्याचं. अशा वेळी अँटिबॉडी एन-टोकाकडची हवी. सी-टोकाकडची ४८ला ओळखतच नाही, आणि निम्मेअधिक कण हिशेबातून सुटू शकतात.