घरी बनवलेली दोऱ्याची गाडी अडते तेव्हा: आस आणि दोरा कसा तपासावा

उंदीर पकडण्याच्या सापळ्याची स्प्रिंग दोरा ओढते, दोरा आस फिरवतो आणि गाडी पळते. ती रखडली की बहुतेक जण स्प्रिंग बदलायला धावतात. दोष सहसा आसात किंवा दोऱ्यात असतो. आधी आस पाहा, मग दोरा, आणि एका वेळी एकच बदल करा.

दोरा पूर्ण काढून गाडी उचलून धरा व मागचं चाक बोटाने फिरवा. ते हळूहळू मंदावत थांबायला हवं. दर फेरीत एकाच जागी अडखळलं तर आस वाकलाय. काचेवर लोळवा, लगेच दिसेल. वाकलेला आस सरळ करत बसू नका, नवा घाला. चाक सांगाड्याला घासत असेल तर मध्ये वॉशर टाका आणि आसाला आडवी एखाद मिलिमीटर ढील ठेवा. धातूच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, लाकडी आसाला पेन्सिलीच्या शिशाची पूड.

गाडी एका बाजूला वळते? पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. हा फरक क्षुल्लक समजू नका. आसाचे आधार एकमेकांपासून १० सेंमीवर आणि दोन आसांत २५ सेंमी अंतर असेल, तर २ मिमी फरकानेही गाडी ५ मीटरमध्ये सुमारे एक मीटर बाजूला जाते.

चाक आसावरच घसरतंय का, हे पाहायला दोन्हींवर मिळून पेनाने एक रेघ ओढा आणि गाडी सोडा. रेघ तुटली तर चाक पुन्हा पक्कं चिकटवा.

आता दोरा. तो आसाला कायमचा बांधणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण दोरा संपला की गाडी वेगात असतानाच तो उलटा गुंडाळला जातो आणि ब्रेक लागतो. आसावर तारेचा छोटा आकडा बसवा आणि दोऱ्याच्या टोकाचा फास त्यात नुसता अडकवा. सापळ्याचा दांडा पूर्ण पडलेला असताना दोरा आकड्यापर्यंत पोचायला किंचित कमी पडावा, म्हणजे फास वेळेत निसटतो. दोरा न ताणणारा घ्या. वेढे शेजारी-शेजारी, ताणून घाला. एकावर एक चढले की दोरा रुततो, गाडी झटके खाते. गुंडाळताना बोटं सापळ्याच्या दांड्याखाली नकोत.

चाकं जमिनीवर जागच्या जागी फिरत असतील तर कडेला रबर चढवा. गाडी जागची हलतच नसेल तर आसावर, दोरा गुंडाळतो तिथे, चिकटपट्टी लावून तो जाड करा. त्याने ओढ वाढते, पण अंतर घटतं: १२ सेंमीचं चाक आणि ४ मिमीचा आस असेल तर ३० सेंमी दोऱ्यात गाडी ९ मीटर जाते, आस ६ मिमी केला तर ६ मीटर. म्हणून पट्टीचा एकेक वेढा वाढवत जा आणि गाडी स्वतःहून सुटली की तिथेच थांबा.